जुन्या ट्रकवर विटलेला रंग चढवताना या चुका टाळा

मुद्दाम आणलेलं जुनेपण गोव्यात बहुधा पहिल्याच पावसाळ्यात उघडं पडतं. मे महिन्यात देखणा दिसणारा ट्रक दिवाळीपर्यंत बिघडतो आणि त्याच्या दोनच तऱ्हा असतात. एक तर वरवर फासलेला मळकट रंग धुऊन जातो आणि खालचा नवा कोट चमकू लागतो. नाहीतर शोभेसाठी उघडा सोडलेला पत्रा खरोखरच गंजून पोखरला जातो. दुसरी तऱ्हा फार महागात पडते. म्हणून इथे सांगितलेल्या सगळ्या पद्धतीला एकच अट आहे: जुनेपण वर दिसावं, त्याखालचं अस्तर (प्रायमर) अखंड असावं. कोरड्या मुलखात उघडा पत्रा तेलाचा हात फिरवून वर्षानुवर्षं तसाच ठेवता येतो. बार्देश-सासष्टीच्या किनाऱ्यावर तो चार महिनेही टिकत नाही.

खरा जुना रंग घालवून खोटा लावणं

सगळ्यांत मोठी चूक कामाला हात घालण्याआधीच होते. ट्रक गॅरेजमध्ये येतो, त्यावर काळपट मेण, डांबर आणि लाल धुळीचा थर असतो, आणि पेंटर लगेच ग्राइंडर लावतो. त्या थराखाली बऱ्याचदा चाळीस-पन्नास वर्षांचा मूळ रंग शाबूत असतो. तो पुन्हा बनवता येत नाही.

आधी गोड्या पाण्यात सौम्य साबण घालून मऊ कापडाने दोन वेळा धुवा. इथे एक गोष्ट विसरली जाते. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं. त्याने धुतलं तर आपणच पत्र्यावर मीठ पसरवतो. शंका असेल तर नळाचं पाणी घ्या. डांबराचे डाग टर्पेंटाइनच्या बोळ्याने काढा. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचं तीव्र थिनर लावू नका, जुना रंग त्यात विरघळतो. मग काळं सुती कापड बॉनेटवर घासून बघा. कापडावर रंगाची भुकटी आली तर समजा की उन्हाने रंगातला बांधणारा घटक मेला आहे आणि मोकळं रंगद्रव्य वर बसलं आहे. हीच खऱ्या विटलेल्या रंगाची खूण. असा रंग निम्म्याहून जास्त उरला असेल तर तो जपा आणि फक्त डेंटिंग झालेल्या किंवा बदललेल्या भागांवर जुळवणी करा. छोटं काम म्हणजे सोपं काम नव्हे. अस्सल मडगार्डशेजारचं नकली मडगार्ड लांबूनही कळतं.

जुना थर घासायचाच असेल तर पाणी मारत, वॉटर पेपरने घासा. त्या काळच्या अस्तरांत आणि पिवळ्या-नारिंगी रंगांत शिसं सर्रास असे. कोरडी भुकटी उडवू नका, तोंडाला नुसता रुमाल बांधून भागवू नका, आणि घासलेलं पाणी अंगणातल्या माडाच्या आळ्यात जाऊ देऊ नका.

एकच रंग, एकच अस्तर

परदेशी व्हिडिओ बघून केलेल्या कामाची ही ठरलेली खूण: वर निळा, घासलेल्या कडेला लाल अस्तर, बस्स. आपल्याकडच्या ट्रकचा इतिहास असा नसतो. कंपनीतून अनेकदा इंजिनासह नुसती चासी आणि पुढचा भाग यायचा. केबिन आणि फाळके इथल्या सुतार-पत्रेवाल्यांनी बांधायचे. पुढे वर्षाच्या पासिंगच्या वेळी सिंथेटिक इनॅमलचा डबा उघडून, कित्येकदा ब्रशनेच, अख्खी गाडी रंगवली जायची. म्हणून खऱ्या ट्रकच्या दरवाज्याची कड बघितली तर पत्रा, लाल अस्तर, करडा सरफेसर (अस्तर आणि रंग यांमधला थर), एक जुना रंग, त्यावर वेगळ्या छटेचा तोच रंग, त्यावर शेवटचा, अशी वलयं दिसतात. ब्रशच्या रेघाही दिसतात.

तेव्हा थर ठरवून चढवा आणि क्रम कागदावर लिहून ठेवा. पत्रा १८० नंबरच्या पेपरने साफ करा, ग्रीस काढा आणि लाल ऑक्साइडच्या छटेतलं एपॉक्सी अस्तर दोन कोट मारा. हे अस्तर म्हणजे आपली तटबंदी. घासणं इथेच थांबायचं, पत्र्यापर्यंत कधीही जायचं नाही. पाहणाऱ्याला दिसतो तो लाल थर गंजासारखाच वाटतो, आणि पत्रा सुरक्षित राहतो. त्यावर करड्या सरफेसरचा पातळ हात, मग ‘आधीच्या मालकाचा’ रंग एक कोट, मग दिसायचा रंग दोन पातळ कोट. केबिनच्या आतल्या बाजूला आणि फाळक्यांवर शेवटचा कोट ब्रशने मारला तर बरं. गनसाठी १.३ ते १.४ मिमी नोझल, आणि रंग फोर्ड कप नंबर ४ (रंगाचा पातळपणा मोजायचं, तळाला भोक असलेलं भांडं) मधून साधारण २० सेकंदांत रिकामा होईल इतका पातळ. कोट जाड झाला की घासताना वलयं न दिसता एकच जाड पायरी दिसते, आणि ती खोटी वाटते.

लांबी (पुट्टी) भरलेल्या जागा आधी नोंदवून ठेवा. घासताना तिथे राखाडी किंवा पिस्ता रंगाची लांबी उघडी पडली तर ती जागा पुन्हा अस्तरापासून करावी लागते.

इनॅमल आणि टू-के यांची खिचडी

याच एका चुकीमुळे सर्वांत जास्त कामं वाया जातात. खाली सिंथेटिक इनॅमल आणि वर एनसी लॅकर किंवा टू-के (हार्डनर मिसळून पक्का होणारा) क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक कोट, मारला की त्यातलं तीव्र थिनर खालच्या कच्च्या इनॅमलला फुगवतं आणि मिनिटांत सुरकुत्या येतात. इनॅमल हाताला सुकलेलं वाटतं, पण आतून पक्कं व्हायला त्याला कित्येक आठवडे लागतात. दमट हवेत आणखी जास्त.

एकच मार्ग धरा. पहिला मार्ग: एपॉक्सीवर सगळे रंग इनॅमलचे, आणि शेवटी क्लिअर नाही, फक्त मेण. दिसायला हाच सर्वांत खरा. पण ट्रक छपराखाली राहणार असेल आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर मेण लावायची तयारी असेल तरच. दुसरा मार्ग: सगळे रंग टू-के पीयूचे (पॉलियुरेथेनचे), क्लिअरशिवायही चालणारे, सॉलिड शेडचे, आणि घासून झाल्यावर वर मॅट टू-के क्लिअर. समुद्राजवळ उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला हाच मार्ग घ्यावा. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसांना कायमची इजा करू शकतं. धुळीचा मास्क तिथे निरुपयोगी; बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच हवा.

इनॅमल घासायला घेण्याआधी अंगठ्याचं नख दाबून बघा. खूण उमटली तर अजून थांबा. किमान दहा दिवस द्या.

सगळीकडे सारखं घासणं

विटलेपणाला दिशा असते. ऊन वरून येतं, पाणी वरून खाली जातं, हात ठरावीक जागी लागतो. बॉनेट, टप आणि मडगार्डचा माथा यांवर रंग सर्वांत आधी फिका आणि भुकट होतो. दरवाज्याच्या उभ्या पत्र्यावर तो निम्मासुद्धा विटत नाही. दाराच्या आतली चौकट, बॉनेटची खालची बाजू, आरशाच्या ब्रॅकेटमागची जागा इथे मूळ रंग जवळजवळ ताजा राहतो. या ताज्या जागा सोडल्या नाहीत तर बाकीचं सगळं काम खोटं दिसतं, कारण डोळ्याला तुलना करायला काही उरत नाही.

घासून सगळी फिकट छटा मिळत नाही, ती रंगातच मिसळावी लागते. एका लिटरमधून तीन डबे करा: पहिला जसाच्या तसा, दुसऱ्यात साधारण ५ टक्के पांढरा, तिसऱ्यात १० ते १५ टक्के. पहिला आडोशाच्या जागांना, दुसरा उभ्या पत्र्याला, तिसरा वरच्या आडव्या भागांना. सांध्यावर गन लांब धरून एक छटा दुसरीत विरवा. लाल रंगाच्या बाबतीत हा फरक वाढवा, कारण जुने लाल रंग गुलाबीसर होईपर्यंत विटतात. फ्थॅलो (फ्थॅलोसायनिन रंगद्रव्याचा) निळा आणि हिरवा त्या मानाने टिकतो.

मग घासणं. पाणी मारत ८०० ने सुरुवात, कडा उघडायला. १००० आणि १५०० ने वलयं मऊ करायची. शेवटी करड्या नायलॉन स्क्रबरने चमक मारायची. कोपर टेकतं ती चालकाच्या खिडकीची कड, दाराच्या मुठीभोवतीचा भाग, पायरीचा मधला पट्टा, बॉनेटचा कब्जा (बिजागरी), फाळक्याची साखळी घासते ती कमान: एवढ्याच जागा खोलवर जाऊ द्या. डावं दार उजव्याइतकं झिजवू नका. चालकाच्या बाजूची झीज नेहमीच जास्त. कागद बोटांनी धरून सरळ रेषेत घासलात तर समांतर ओरखडे कायमचे दिसतील. कापड पुसतं त्या वळणाने, मऊ पॅडवर कागद लावून घासा.

पोपडे सुटल्यासारखी जागा हवी असेल तर मेणबत्तीची युक्ती चालते: खालच्या रंगावर हव्या त्या ठिकाणी मेण घासा, वरचा कोट मारा, आणि तो अर्धवट सुकला की प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला. बिघडतं ते इथेच, की उरलेलं मेण पुसायचं राहतं, आणि नंतरच्या कोटात माशाच्या डोळ्यांसारखी भोकं पडतात. ग्रीस-मेण काढणाऱ्या द्रावणाने दोनदा, प्रत्येक वेळी नवं कापड घेऊन पुसा.

लाल म्हणजे गंज असं धरून चालणं

गोव्यातल्या ट्रकवरचा बराचसा लालपणा गंजाचा नसतोच. तो चिऱ्याच्या मातीचा आणि खनिजाच्या धुळीचा असतो. डिचोली, सांगे, केपे भागात खनिज वाहिलेल्या गाड्या पाहा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर कितीतरी ट्रक अंगणात आणि रस्त्याकडेला नुसते उभे राहिले. रंग कसा मरतो हे शिकायला त्यांच्याइतकी चांगली शाळा नाही. ते वयाने जुने नसले तरी ऊन-पावसाची भाषा तीच. चाकामागे पंख्यासारखा उडालेला लाल शिडकावा, रिव्हेटांच्या ओळीत अडकलेली धूळ, टपाच्या पन्हळीतून खाली आलेले ओघळ यांचे मोबाइलवर जवळून फोटो काढा आणि ते भिंतीवर लावून काम करा.

ही लाली आणायला रेड ऑक्साइडची पूड पुष्कळ पातळ केलेल्या मॅट रंगात मिसळा, चाकामागून वरच्या दिशेने शिंपडा, आणि ओलं असतानाच ओल्या स्पंजाने वरून खाली पुसा. सांध्यात राहील तेवढी राहू द्या. काळा रंग वापरू नका. काळ्या वॉशने गाडी जुनी दिसत नाही, मळलेली दिसते.

जिथे खडबडीत गंज खरंच शोभतो, म्हणजे दाराची खालची शिवण, पन्हळीचं टोक, पायरीची कड, तिथे तळहाताएवढ्या जागेपुरती लोखंडाची बारीक पूड वापरा. पाण्यातल्या मॅट ॲक्रिलिक रंगात ती इडलीच्या पिठाइतकी दाट कालवा आणि एपॉक्सीच्या अस्तरावर थोपटा. इनॅमलमध्ये कालवलीत तर तेलकट थर पुडीला बंद करतो आणि गंज चढतच नाही. सुकल्यावर फवारा: ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ५०० मिली आणि पांढरं व्हिनेगर ६० मिली. पाककृतींमध्ये सहसा यात मीठ सांगतात. ते टाकू नका. मिठातलं क्लोराइड मागे राहतं आणि क्लिअरखालीही गंज चालू ठेवतं. मिठाशिवाय वेळ लागतो, तर तीन-चार वेळा फवारा. दुसऱ्या दिवशी गोड्या पाण्याने धुवा, लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून पुसा, पुन्हा धुवा. मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका, वायू साठून बाटली फुटू शकते. आणि व्हिनेगरमध्ये ब्लीचिंगचं पाणी तर कधीच नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

फाळक्यांना पत्र्यासारखं वागवणं

लाकडावरचा रंग वलयांनी नाही, रेषांनी मरतो. फळीची टोकं आधी उघडी पडतात, कारण पाणी तिथून शिरतं. मग रेषांच्या दिशेने लांबट पोपडे सुटतात. म्हणून पितळी तारेचा ब्रश रेषांच्या दिशेनेच मारा, टोकांना जास्त. बोल्टांभोवती खऱ्या जुन्या लाकडावर निळसर काळा डाग असतो. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांचा तो संयोग. स्टीलचा काथ्या (स्टील वूल) दोन-तीन दिवस व्हिनेगरमध्ये सैल झाकणाखाली ठेवा, गाळा, आणि बोल्टांभोवती बारीक ब्रशने लावा. हलकं लाकूड असेल तर आधी कडक कोऱ्या चहाचा हात द्या.

मुहूर्त चुकवणं

जून ते सप्टेंबर रंगकाम नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पण त्यातही सकाळचं धुकं आणि दव विसरू नका. नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (हवेतली वाफ ज्या तापमानाला दव होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त हवं. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ च्या आसपास असतो, आणि रात्रभर गार झालेला पत्रा तेव्हा जेमतेम तेवढ्यावरच असतो. त्याच दिवशी ३२ अंश आणि ५५ टक्के झाले की दवबिंदू २२ वर येतो आणि काम निर्धास्त होतं. साधा आर्द्रतामापक गॅरेजच्या भिंतीला टांगा. किनाऱ्याजवळ दहा ते एक ही वेळ धरा. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की तो खार आणि धूळ घेऊन येतो. दोन कोटांमध्ये एक रात्र गेली असेल तर पुढच्या कोटाआधी गोड्या पाण्याचं कापड फिरवून वाळवा. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी दर तासाला सोडा.

दमट हवेत एनसी मारला की पांढुरकी झाक येते. ती विटल्यासारखी सुंदर दिसते म्हणून काही जण तशीच ठेवतात. ती रंगात अडकलेली ओल आहे; तो थर सच्छिद्र राहतो आणि पुढे सुटतो.

क्लिअर मारल्यावर सगळं नाहीसं होणं

भुकट, फिका पृष्ठभाग प्रकाश विखुरतो म्हणून फिका दिसतो. क्लिअर त्यातली सूक्ष्म छिद्रं भरतो आणि रंग पुन्हा गडद होतो. आधीच ओळखायचं असेल तर पाण्याचा फवारा मारा: ओला पत्रा जसा दिसतो, जवळपास तसाच तो क्लिअरखाली दिसणार. ओल्या अवस्थेत नापसंत असेल तर फिक्या छटेचा आणखी एक धूसर हात मारून मगच क्लिअरकडे वळा.

मॅट क्लिअरमधली मॅटिंगची पूड तळाशी बसते. डबा जोरात हलवू नका, बुडबुडे येतात. पट्टीने तळापासून ढवळा. पहिला कोट सगळीकडे सारखा निस्तेज होईपर्यंत थांबा, साधारण १५ ते २० मिनिटं, मग आडवा दुसरा. पट्टे उमटतात ते पहिला कोट अर्धवट ओला असताना दुसरा मारल्यामुळे. मॅटवर पॉलिश चालत नाही, चमकते डाग पडतात. कचरा बसला तर तो अख्खा भाग कडेपासून कडेपर्यंत पुन्हा मारावा लागतो.

क्लिअरऐवजी उकळलेलं जवसाचं तेल चोळायची पद्धत कोरड्या प्रदेशातून आली आहे. इथे ते आठवडे चिकट राहतं, धूळ धरतं आणि आषाढात त्यावर काळी बुरशी येते. शिवाय तेलाची चिंधी गोळा करून टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकते. बुरशी आलीच असेल तर टर्पेंटाइनने तेल काढा, साबणाने धुवा, पूर्ण वाळवा आणि कडक मेण लावा.

खोटा इतिहास रंगवणं

१९५४ ते १९६९ या काळात टाटांच्या ट्रकांवर मर्सिडीज-बेंझचा तारा असे. सत्तरच्या दशकातल्या गाडीच्या शोवर (पुढच्या जाळीवर) तारा बसवून त्यामागे खोटी विटलेली खूण करणं जाणकाराला लगेच खटकतं. दारावर एखाद्या खऱ्या खाण कंपनीचं नाव टाकू नका. गाडीचं स्वतःचं गाव, जुन्या मालकाने परवानगी दिलेलं नाव, ‘पब्लिक कॅरियर’ची पाटी, एवढं पुरेसं असतं.

अक्षरं ब्रशने, निवडलेल्या मार्गाच्याच रंगात (इनॅमलवर इनॅमल, टू-केवर टू-के) लिहून घ्या. स्टिकर घासला की कड सुटते. झिजवण्याच्या आधी लिहा, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी एकाच हाताने झिजते. अक्षर उडून गेल्याचा भास हवा असेल तर त्या जागी रंग आजूबाजूपेक्षा गडद ठेवा, कारण अक्षराने तेवढं ऊन अडवलेलं असतं. नेमकं हेच उलटं केलेलं दिसतं.

नंबर प्लेट, रिफ्लेक्टर, दिवे, काचा यांना हात लावायचा नाही. चासी, स्प्रिंगांचे हँगर, ब्रेकच्या नळ्या, केबिनचे माउंटिंग यांवर गंजाचं सोंगही नको, कारण पुढच्या वेळी तपासणाऱ्याला खरा गंज त्यात दिसणार नाही. गाडीचा रंग बदलत असाल तर डबा उघडण्याआधी आरसी पाहा आणि आरटीओत विचारून नोंद करून घ्या.

बिघडलंच तर

सुरकुत्या आल्या तर लगेच खरवडू नका. पूर्ण कडक होऊ द्या, एपॉक्सीपर्यंत घासा, आणि सुसंगत रंगाने पुन्हा चढवा. पावसाळ्यानंतर क्लिअरखाली तपकिरी ठिपके पसरताना दिसले तर तिथे क्लोराइड अडकलं आहे. वरून क्लिअर मारून ते थांबत नाही. जागा पत्र्यापर्यंत उघडा, गरम गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, लगेच वाळवा आणि त्याच दिवशी एपॉक्सी लावा. ठिपका वाढत नसेल, नुसता असेल, तर राहू द्या.

मेणाच्या मार्गाने केलेल्या गाडीला मेअखेर आणि ऑक्टोबरमध्ये असे दोन हात द्या, पन्हळ आणि दाराच्या तळाची भोकं मोकळी आहेत ना ते बघूनच. आणि नंतर वापरताना खरा ओरखडा पत्र्यापर्यंत गेला तर तो ‘शोभतो’ म्हणून सोडू नका: त्याच आठवड्यात टोकदार ब्रशने लाल एपॉक्सी भरा, वरचा रंग भरू नका.